चित्राखालचे नाव

दिवाळी अंक हाती आला की घरातल्या प्रत्येकाची नजर पहिल्याने मुखपृष्ठावर जाते. ते चित्र दीनानाथ दलालांचे असले, म्हणजे कोपऱ्यातली त्यांची सही लहान मुलेसुद्धा बोटाने दाखवीत असत. चित्रकाराला ही एक मोठीच सोय आहे. ज्या कुंचल्याने चित्र काढायचे, त्याच कुंचल्याने नाव लिहायचे. आमच्या संतकवींनी तर याहून पक्का बंदोबस्त करून ठेवला. अभंगाच्या शेवटच्या चरणात नाममुद्रा अशी गुंफली, की ती उसवायला जावे तर चरणच मोडावा. तुकोबांचा अभंग चोरून म्हणणाऱ्यालादेखील तुकोबांचे नाव घेतल्यावाचून तो पुरा करता येत नाही. छायाचित्रकाराच्या नशिबी हे सुख नाही. त्याचे चित्र उजेड काढतो, आणि उजेड काही सही करीत नाही. नाव लिहायचे ते चित्राबाहेर, खालच्या पांढऱ्या पट्टीवर. आणि ती पट्टी कापायला कात्री फारशी धारदार लागत नाही.

या पट्टीचा इतिहास कोणी सलग लिहिला तर तो मोठा मनोरंजक होईल. त्यातले एकच प्रकरण येथे जरा सविस्तर सांगायचे आहे. ते घडले अमेरिकेत, १८६१ ते १८६५ या काळातल्या तिथल्या यादवी युद्धाच्या धामधुमीत.

त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये मॅथ्यू ब्रॅडी या नावाचा मोठा दबदबा होता. ब्रॉडवेवर त्याचे चित्रगृह होते, १८५८ पासून वॉशिंग्टनलाही होते. राजकारणी, सेनापती, नटनट्या, सारी प्रतिष्ठित मंडळी त्याच्याकडे जाऊन आपली छबी काढवून घेत. अब्राहम लिंकन अजून अध्यक्षपदाचा उमेदवारही झाला नव्हता, तेव्हा १८६० च्या फेब्रुवारीत त्याने न्यूयॉर्कला एक गाजलेले भाषण दिले. त्याच दिवशी तो ब्रॅडीच्या चित्रगृहात उभा राहिला होता. पण एक गोष्ट त्या गिऱ्हाइकांपैकी थोड्यांच्याच ध्यानी आली असेल. ब्रॅडीची दृष्टी अधू होती, चष्मा जाड भिंगांचा होता, आणि त्याच्या नावाने निघणाऱ्या चित्रांपैकी पुष्कळशी चित्रे त्याचे पगारी कारागीर काढीत असत. पाहुण्याचे स्वागत करावे, त्याला बसवावे, त्याची मान किंचित वळवावी, इतके मालकाने करायचे. पुढचे काम दुसऱ्यांचे. चित्राखाली मात्र एकच नाव, ब्रॅडी.

यात त्या काळी कोणाला काही वावगे वाटत नसे. शिंप्याच्या दुकानावर शिंप्याचे नाव असते, काज करणाऱ्याचे नसते. आपल्याकडे तरी काय होते? १८९४ साली मुंबईत निघालेल्या रविवर्मा छापखान्याच्या लक्ष्मी आणि सरस्वती घरोघरी भिंतीवर चढल्या. त्या रंगीत छापाईसाठी दगडावर एकेका रंगाची आकृती उतरविणारे हात निराळे होते. त्यांची विचारपूस कोण करतो? आपण हात जोडले ते लक्ष्मीला, आणि नाव घेतले रविवर्म्याचे.

ब्रॅडीच्या वॉशिंग्टनच्या शाखेचा कारभार पाहायला अलेक्झांडर गार्डनर नावाचा एक स्कॉटिश गृहस्थ होता. जन्म १८२१ चा, स्कॉटलंडमधल्या पेझ्लीचा. १८५६ साली तो अमेरिकेला आला. मोठा उद्योगी, हिशेबाला चोख, आणि रसायने उत्तम जाणणारा. रसायने जाणणे हा त्या धंद्याचा प्राणच होता. आज खिशातले यंत्र काढून बोट टेकवले की झाले. तेव्हा तसे नव्हते. काचेच्या पाटीवर कलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती अंधारात चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, काही सेकंद झाकण उघडायचे, आणि पाटी सुकण्यापूर्वी धावत जाऊन ती अंधाऱ्या जागी धुऊन काढायची. हा सारा खटाटोप दहा-पंधरा मिनिटांत आटोपायला हवा. रणांगणावर ही अंधारी जागा म्हणजे घोड्याची झाकलेली गाडी. उन्हाळ्यात आत भट्टी पेटलेली, ईथरच्या वाफेने डोके गरगरणारे, आणि एवढे करून गाडी दगडावर आदळली की काचांचा चुराडा ठरलेला. हे सारे जो करी त्याचे नाव चित्राखाली नसे.

१७ सप्टेंबर १८६२ रोजी मेरीलँडमधल्या अँटीटम नावाच्या ओढ्याकाठी तुंबळ लढाई झाली. एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २३ हजार लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. गार्डनर आणि त्याचा सोबती जेम्स गिब्सन दोन-तीन दिवसांतच तेथे पोहोचले. प्रेते अजून पुरायची होती. कुंपणाच्या कडेला, रस्त्याच्या खळगीत, एका लहानशा पांढऱ्या चर्चसमोर पडलेल्या त्या माणसांची चित्रे या दोघांनी काचेवर घेतली. अमेरिकेच्या भूमीवर पडलेल्या सैनिकांची, माती देण्यापूर्वीची, ही पहिलीच छायाचित्रे.

ऑक्टोबरात ही चित्रे ब्रॅडीच्या न्यूयॉर्कच्या चित्रगृहात मांडली गेली. दारावर पाटी लागली, लोकांची रीघ लागली. युद्ध तोवर वर्तमानपत्रातल्या नावांच्या याद्यांत होते, ते आता डोळ्यांपुढे आले. भिंग घेऊन बायाबापड्या त्या चित्रांवर वाकून चेहरे न्याहाळू लागल्या, की न जाणो, यात आपलाच कोणी असायचा. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्यावर एक लांबलचक आणि खरोखरीच हृदयस्पर्शी लेख लिहिला. युद्धाचे भीषण सत्य आमच्या दारात आणून ठेवल्याचे सारे श्रेय त्यात श्री. ब्रॅडी यांना दिले होते. गार्डनरचा त्यात उल्लेख नाही. गिब्सनचाही नाही.

ब्रॅडीला या प्रकरणी खलनायक ठरविण्याची चाल अलीकडे पडली आहे. मला ती पटत नाही. युद्धाची चित्रे घ्यावी ही कल्पना घेऊन त्याने आपले भांडवल पणाला लावले, गाड्या दिल्या, माणसे दिली, परवाने मिळविले. अँटीटमच्या चित्रांची जी छोटी कार्डे विकली गेली त्यांच्यावर हक्काच्या नोंदीच्या बारीक ओळीत गार्डनरचे नावही छापलेले सापडते. म्हणजे नाव अगदीच गिळून टाकले होते असे नव्हे. पण बारीक ओळ कोण वाचतो? मोठ्या अक्षरांत जे असते तेच लोकांच्या तोंडी बसते. आणि त्या काळी वर्तमानपत्रात छायाचित्र जसेच्या तसे छापण्याची सोय नव्हती. लाकडावर कोरून त्याची नक्कल छापीत. एकदा चित्र कोरणाऱ्याच्या हाती गेले, की मूळ कारागीर आणखी एक पायरी मागे पडे. मथळ्यात 'ब्रॅडीच्या छायाचित्रांवरून' एवढेच उरे.

गार्डनरने ब्रॅडीची नोकरी का सोडली याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. पैशाचे कारण होते असे काही म्हणतात, नावाचे होते असे काही. कागदोपत्री स्पष्ट एवढेच, की १८६३ च्या मेपर्यंत वॉशिंग्टनमध्ये त्याचे स्वतःचे चित्रगृह उभे होते, आणि ब्रॅडीचे कित्येक उत्तम कारागीर त्याच्याकडे आले होते. त्यांत टिमोथी ओसलिव्हन नावाचा एक आयरिश घराण्यातला तरुण होता. वय असेल तेवीसएक.

जुलैत गेटिसबर्गची लढाई झाली. गार्डनर, ओसलिव्हन आणि गिब्सन ५ जुलैच्या सुमारास तेथे हजर झाले. ब्रॅडी आला तो आठ-दहा दिवसांनी, प्रेते पुरून झाल्यावर. ओसलिव्हनने तेथे जे चित्र घेतले ते जगाच्या युद्धचित्रांत आज अग्रभागी मानतात. धुक्याने भरलेले माळरान, पुढे फुगलेली प्रेते, दूरवर अंधुकसा एक घोडेस्वार. 'मृत्यूची सुगी' असे त्याला नाव दिलेले आहे.

आता खरी गोष्ट. युद्ध संपल्यावर, १८६६ साली, गार्डनरने दोन भागांचे एक पुस्तक काढले: 'युद्धाची छायाचित्रांकित टिपणवही'. शंभर चित्रे, प्रत्येक चित्र हाताने छापून पुठ्ठ्यावर डकविलेले. किंमत १५० डॉलर, म्हणजे सामान्य माणसाच्या आटोक्याबाहेरची. खप अर्थातच बेताचा झाला. पण या पुस्तकात गार्डनरने एक गोष्ट अशी केली की तिच्यासाठी त्याला छायाचित्रकारांच्या जातीने जन्मभर दुवा द्यावा. प्रत्येक चित्राखाली त्याने दोन नावे छापली. डाव्या बाजूला काच कोणी घेतली त्याचे नाव. उजव्या बाजूला त्या काचेवरून कागदी प्रत कोणी काढली त्याचे. अकरा छायाचित्रकारांची नावे त्या पुस्तकात आहेत, आणि चाळीसहून अधिक चित्रांखाली ओसलिव्हनचे नाव आहे. स्वतः मालक असून गार्डनरच्या वाट्याला त्याहून कितीतरी कमी चित्रे आली. हक्क मात्र त्याने आपल्याकडेच ठेवले. तशी ओळही खाली छापलेली आहे. धंदा तो विसरला नव्हता.

या एका पानावर दोन निराळ्या गोष्टी शेजारी शेजारी मांडलेल्या दिसतात. चित्र कोणाच्या मालकीचे, ही एक. आणि चित्र कोणाचे, ही दुसरी. मराठीत षष्ठीचा प्रत्यय दोन्हींना एकच लागतो, म्हणून आपला घोटाळा होतो. 'ब्रॅडीचे चित्र' म्हणजे ब्रॅडीने घेतलेले, की ब्रॅडीच्या दुकानातले? इंग्रजीतही घोटाळा काही कमी झाला नाही.

नाव लिहिण्याची एक दुसरीही बाजू आहे. याच पुस्तकात गेटिसबर्गच्या खडकांतला एक मृत नेमबाज दोन चित्रांत दोन ठिकाणी दाखविला आहे, दोन वेगळे सैनिक असल्यासारखा. शंभर वर्षे लोकांनी ते खरे मानले. १९६१ साली फ्रेडरिक रे याने ही चित्रे जवळ जवळ ठेवून पाहिली आणि तो एकच देह असल्याचे त्याच्या ध्यानी आले. पुढे विल्यम फ्रासानिटो याने प्रत्यक्ष जागा हिंडून, खडक ताडून, १९७५ मध्ये दाखवून दिले की चित्र चांगले यावे म्हणून तो देह उचलून खडकांच्या आडोशाला आणून ठेवला होता. शेजारची बंदूकही मांडलेली होती. नावे छापलेली नसती तर हा जाब कोणाला विचारायचा? श्रेयाच्या ओळीतच जबाबदारीही लिहिलेली असते.

आणि एक चित्र पाहिल्यावर मात्र मन उदास होते. जॉन रीकी या छायाचित्रकाराने १८६५ च्या एप्रिलमध्ये कोल्ड हार्बर येथे घेतलेले. काळे मजूर जुन्या रणभूमीवरची हाडे आणि कवट्या गोळा करीत आहेत. पुढे एकजण भरलेल्या झोळीशेजारी बसून थेट आपल्याकडे पाहतो आहे. खाली रीकीचे नाव आहे. त्या बसलेल्या माणसाचे नाही.

पुढे या तिघांचे काय झाले ते थोडक्यात सांगतो. ओसलिव्हन पश्चिमेकडच्या सरकारी पाहणी पथकांबरोबर वाळवंटे हिंडला, अजोड चित्रे घेतली, आणि १८८२ च्या जानेवारीत क्षयाने वारला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात गार्डनर गेला. ब्रॅडी कर्जात बुडाला. अमेरिकी काँग्रेसने १८७५ साली त्याच्या संग्रहापोटी २५ हजार डॉलर मंजूर केले, ते देणेकऱ्यांनाच पुरले नाहीत. १८९६ साली न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात तो निर्धन अवस्थेत वारला. तीन माणसांपैकी सुखाने कोणीच मेला नाही. पण नाव एकाचेच झाले. त्यानंतर शंभर वर्षे, पाठ्यपुस्तकात म्हणा की मासिकात म्हणा, त्या युद्धाचे कोणतेही चित्र छापले की खाली 'ब्रॅडी' छापण्याचा प्रघात पडला. गार्डनरने डावीकडे काय लिहून ठेवले आहे हे पाहायची तसदी कोण घेतो?

दरम्यान कायदाही जागा होत होता. इंग्लंडने १८६२ साली आणि अमेरिकेने १८६५ साली छायाचित्रांना हक्काचे संरक्षण दिले. मात्र यंत्राने काढलेल्या चित्राला कर्ता असू शकतो काय, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो ऑस्कर वाइल्डमुळे. १८८२ च्या जानेवारीत हा लंबकेशी साहित्यिक न्यूयॉर्कला उतरला आणि नेपोलियन सरोनी याच्याकडे त्याने छबी काढवून घेतली. एका शिळाछाप कंपनीने तिच्या ८५ हजार प्रती परवानगीवाचून छापल्या. सरोनीने फिर्याद केली. कंपनीचे म्हणणे असे की, यंत्र आहे, समोरचे ते टिपते. यात बुद्धी कोणाची लागली? शिवाय, कायद्याप्रमाणे चित्रावर नाव पूर्ण हवे, येथे नुसते 'एन. सरोनी' असे आहे! १७ मार्च १८८४ रोजी न्यायालयाने दोन्ही मुद्दे फेटाळले. पोशाख, पडदे, बैठक, उजेड-अंधाराची योजना, ही सारी सरोनीच्या मनातून उतरली, तेव्हा कर्ता तोच. आणि एका अक्षराने नाव ओळखू येत असेल तर तेवढे पुरे. गंमत अशी, की सरोनी स्वतः कॅमेऱ्याला हात लावीत नसे. झाकण उघडण्याचे काम बेंजामिन रिचर्डसन नावाचा त्याचा सहायक करी. पुन्हा ब्रॅडीचीच कथा!

आपल्याकडचे एक उदाहरण सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. होमाई व्यारावाला यांचा जन्म १९१३ चा, नवसारीचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचे नाव आज सर्वतोमुखी आहे. पण त्यांची आरंभीची मुंबईची चित्रे वृत्तपत्रांत आणि साप्ताहिकांत छापली गेली ती पती माणेकशॉ यांच्या नावाने. ते स्वतः छायाचित्रकार होते, त्यांचे नाव संपादकांना ठाऊक होते. बाईमाणसाच्या हातचे चित्र कोण घेणार? येथे चोरी कोणीच केली नाही, फसवणूकही नाही. घरातल्या घरात, राजीखुशीने, ते नाव झाकले गेले. अशी किती चित्रे आणि किती नावे! पुढे १९४२ मध्ये त्या दिल्लीस गेल्या. स्वातंत्र्याचा सोहळा, गांधीजींची अंत्ययात्रा, नेहरूंच्या कितीतरी मुद्रा त्यांनी टिपल्या, आणि 'डालडा १३' या टोपणनावाने आपली सही एकदाची उमटवली. १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा ठेवून दिला. २०११ साली पद्मविभूषण मिळाले. २०१२ च्या जानेवारीत त्या वारल्या.

आपला १९५७ चा कायदा या बाबतीत पुष्कळ समंजस आहे. छायाचित्राचा कर्ता कोण, तर ते घेणारी व्यक्ती, असे तो स्वच्छ सांगतो. नोकरीत काढलेल्या चित्राची मालकी धन्याकडे जाऊ शकते. पण ५७ वे कलम असे की, हक्क विकून टाकले तरी 'हे मी केले' असे म्हणण्याचा कर्त्याचा अधिकार त्याच्यापाशीच राहतो. ब्रॅडी आणि गार्डनर यांच्यामधला तंटा या एका कलमाने सुटला असता.

हा सारा जुना इतिहास आज आठवण्याचे कारण असे की, आता जो तो संपादक झाला आहे. चित्रांची मोठमोठी कोठारे निघाली आहेत. असा साठा भाड्याने देण्याचा धंदा जुनाच. १९३५ साली ओटो बेटमन हा गृहस्थ दोन ट्रंका भरून चित्रे घेऊन जर्मनीतून अमेरिकेला पळाला आणि त्यातून त्याने केवढा संग्रह उभारला! आता ट्रंकेचे इंटरनेट झाले एवढेच. पैसे भरून परवाना घेतला की लग्नपत्रिकेपासून दुकानाच्या जाहिरातीपर्यंत कोणालाही चित्र वापरता येते. आणि येथेच पुष्कळांची समजूत होते की, पैसे दिले, आता नाव कशाला? परवान्याचे कागद वाचले तर दिसते की, बातमीबरोबर किंवा लेखाबरोबर चित्र छापताना बहुधा छायाचित्रकार आणि संस्था या दोघांची नावे द्यावी लागतात. जाहिरातीत पुष्कळदा सूट असते. पैसे वापराचे असतात, नावाचे नव्हेत. फुकट मिळणाऱ्या चित्रांची कथा तर आणखी बोधक आहे. 'क्रिएटिव्ह कॉमन्स' या संस्थेने २००२ च्या डिसेंबरात आपले खुले परवाने काढले, तेव्हा 'माझे नाव द्या' ही अट घालावी की नाही हे कर्त्याच्या मर्जीवर सोडले होते. बहुतेक साऱ्यांनी ती अट घातली. पैसे नकोत, परवानगी विचारायला नको, पण नाव हवे! शेवटी २००४ मध्ये संस्थेने ती अट त्या सहाही परवान्यांत कायमची घालून टाकली.

कॅरल हायस्मिथ या अमेरिकन छायाचित्रकार बाईंची हकिकत अगदी अलीकडची. अमेरिकेतल्या गावोगावची आपली हजारो चित्रे त्यांनी १९८८ पासून वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला लोकांच्या उपयोगासाठी देऊन टाकली. ओसलिव्हनच्या आणि गार्डनरच्या काचाही याच ग्रंथालयात आहेत. २०१५ च्या डिसेंबरात बाईंच्या संस्थेला एक पत्र आले: आमचे एक चित्र आपण परवान्यावाचून वापरले आहे, सबब १२० डॉलर भरावे. ते चित्र बाईंनी स्वतः घेतलेले होते! चित्रांच्या कोठारांतून त्यांची चित्रे पैसे घेऊन विकली जात होती. त्यांनी २०१६ मध्ये 'गेटी इमेजेस' आणि इतरांवर शंभर कोटींहून अधिक डॉलरची फिर्याद लावली. न्यायालयाने त्याच वर्षी त्यातले मुख्य दावे काढून टाकले. चित्रे एकदा लोकांना देऊन टाकली, ती कोणी विकली तरी अडविता येत नाहीत, असा त्याचा आशय.

हायस्मिथबाईंनी काम थांबविले नाही. चित्रे अजूनही त्याच ग्रंथालयात जमा होत असतात, कोणीही फुकट घ्यावीत. नाव छापण्याची सक्ती तेथे कोणावरही नाही. छापायचे झाल्यास कसे छापावे, ती एक ओळ मात्र ग्रंथालयाने तयार लिहून ठेवली आहे. त्याच ग्रंथालयाच्या यादीत 'मृत्यूची सुगी' शोधली तर छायाचित्रकाराच्या रकान्यात टिमोथी ओसलिव्हन हे नाव सापडते, जन्ममृत्यूच्या सालांसह.